विश्लेषण : रेडिएटर थंड, बॉयलर गप्प... ब्रिटनमधल्या घराच्या हीटिंगमधला बिघाड कसा ओळखायचा?

जानेवारीतली पहाट. बाहेर तापमान शून्याखाली. लंडन, लेस्टर किंवा मँचेस्टरमधल्या भाड्याच्या घरात रेडिएटर थंडगार पडलेले असतात, बॉयलरच्या छोट्या पडद्यावर कसलासा आकडा लुकलुकत असतो आणि पुण्याला किंवा नाशिकला व्हॉट्सॲपवर फोन जातो, “आई, अगं घर तापतच नाहीये!” शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेलेल्या मराठी मुलांच्या पहिल्या हिवाळ्यात असा फोन येणे नवलाचे नाही. आपल्याकडे गीझर बिघडला तर प्रश्न अंघोळीपुरता असतो. तिथे बॉयलर बंद पडला तर अख्खे घर गारठते, आणि घरात तान्हे मूल किंवा महिनाभरासाठी आलेले आजी-आजोबा असतील तर काळजी आणखी वाढते. थंडीच्या लाटेत मेकॅनिक लवकर मिळत नाही. मिळाला तर नुसत्या भेटीचेही पैसे मोजावे लागतात. आणि कधी कधी कारण निघते ते थर्मोस्टॅटमधले संपलेले दोन पेन्सिल सेल! हा बिघाड शोधण्याची रीत कोणती, स्वतः हात कुठपर्यंत घालायचा आणि कुठे थांबायचे, याविषयी...

सेंट्रल हीटिंग चालते कसे?

ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत जळणाचा गॅस पाइपने येतो. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समधली सुमारे ७४ टक्के कुटुंबे घर तापवण्यासाठी फक्त या गॅसवर अवलंबून होती. स्वयंपाकघरातल्या कपाटात किंवा भिंतीवर टांगलेला बॉयलर गॅस जाळून पाणी तापवतो. पंप ते पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरपर्यंत पोहोचवतो. रेडिएटर आपली उष्णता खोलीला देतात आणि कोमट झालेले पाणी पुन्हा बॉयलरकडे परतते. म्हणजे तेच ते पाणी बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे फिरत राहते. नळाला येणारे गरम पाणी वेगळे असते, ते या पाण्यात मिसळत नाही.

बॉयलरचे ढोबळ प्रकार दोन. ‘कॉम्बी’ बॉयलर नळ सोडला की त्याच क्षणी पाणी तापवून देतो, त्याला साठवणीची टाकी लागत नाही. फ्लॅट आणि लहान घरांत बहुधा हाच असतो. दुसऱ्या प्रकारात कपाटात एक उभी टाकी असते आणि बॉयलर त्या टाकीतले पाणी तापवून ठेवतो. आपल्या घरात कोणता प्रकार आहे, हे घर ताब्यात घेतानाच विचारून ठेवावे, कारण पुढचे सगळे निदान त्यावर अवलंबून असते.

सर्वात आधी काय पाहायचे?

बिघाड शोधण्याआधी धोका आहे का, हे पाहायचे. घरात गॅसचा वास येत असेल, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजत असेल किंवा घरातल्या सगळ्यांनाच एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू झाली असेल, तर निदान करत बसायचे नाही. खिडक्या-दारे उघडावीत, शक्य असल्यास मीटरजवळचा गॅसचा मुख्य खटका बंद करावा आणि सगळ्यांनी बाहेर पडावे. गॅसचा वास असताना विजेचे बटण दाबू नये, काडी ओढू नये. बाहेर गेल्यावर ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो.

यांपैकी काहीही नसेल, तर पुढच्या पायऱ्यांकडे वळता येते. क्रम एकच लक्षात ठेवायचा : आधी फुकटात तपासता येणाऱ्या गोष्टी, मग हाताने तपासता येणाऱ्या आणि शेवटी मेकॅनिक.

बॉयलरला वीज, गॅस आणि ‘हुकूम’ मिळतो का?

बॉयलर पेटायला तीन गोष्टी लागतात. तिन्ही मिळत असतील तरच बॉयलरवर संशय घ्यावा.

पहिली वीज. बॉयलरचा पडदा पूर्ण काळा असेल तर त्याच्या शेजारी भिंतीवर फ्यूज असलेला एक स्वतंत्र स्विच असतो, तो पाहावा. साफसफाई करताना कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो. तो चालू असेल तर घरातल्या मुख्य बोर्डवर एखादा ट्रिप पडला आहे का, ते पाहावे.

दुसरी गोष्ट गॅस. स्वयंपाकाची शेगडी गॅसची असेल तर ती पेटवून पाहावी. शेगडीही पेटत नसेल तर दोष बॉयलरचा नाही, गॅसच येत नाही. अनेक भाड्याच्या घरांत, विशेषतः विद्यार्थी राहतात तिथे, प्रीपेड मीटर असतो. त्यातले पैसे संपले की गॅस बंद होतो. मोबाइलचा रिचार्ज संपावा तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट हुकूम. ‘खोली थंड आहे, आता पेट’ हा निरोप बॉयलरला थर्मोस्टॅट देतो. तो बिनतारी असेल तर सेलवर चालतो. सेल संपले की निरोप जात नाही आणि निरोगी बॉयलरही गप्प बसून राहतो. थर्मोस्टॅटचा आकडा खोलीच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी वर नेऊन पाहावा. बॉयलरमधून ‘टक्’ असा आवाज आला आणि तो सुरू झाला, तर यंत्रणा ठीक आहे. टायमर असेल तर त्याचे घड्याळही पाहावे. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे तासाने पुढे-मागे होतात. जुन्या टायमरला हे कळत नाही. वीज जाऊन आल्यावरही त्याची वेळ चुकते. मग घर पहाटेऐवजी भलत्याच वेळी तापते आणि दोष बॉयलरला मिळतो.

नळाला गरम पाणी येते का?

कोणत्याही यंत्राचा बिघाड शोधताना यंत्रणेचे दोन भाग करायचे आणि दोष कोणत्या भागात आहे ते ठरवायचे, ही अभियंत्यांची जुनी पद्धत. कॉम्बी बॉयलरच्या बाबतीत हे काम गरम पाण्याचा नळ करतो. नळ पूर्ण सोडून दोन मिनिटे थांबावे. चारपैकी एक उत्तर मिळते.

१. नळालाही गरम पाणी नाही आणि रेडिएटरही थंड : दोष दोन्हींच्या सामायिक भागात. म्हणजे वीज, गॅस, पाण्याचा दाब, गोठलेला पाइप किंवा बॉयलर पेटवणारे भाग.

२. नळाला गरम पाणी येते, पण रेडिएटर थंड : बॉयलर पेटतो आहे, हे सिद्ध झाले. आता संशय थर्मोस्टॅट, टायमर, पंप किंवा ‘डायव्हर्टर व्हॉल्व्ह’वर.

३. रेडिएटर गरम, पण नळाला थंड पाणी : पुन्हा डायव्हर्टर व्हॉल्व्ह किंवा नळ सोडल्याची खबर बॉयलरला देणारा सेन्सर.

४. हीटिंग चालू असतानाच नळाला गरम पाणी येते, एरवी नाही : डायव्हर्टर व्हॉल्व्ह अडकल्याची ही ठळक खूण.

हा डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणजे बॉयलरमधला रेल्वेचा सांधा. तापलेले पाणी रेडिएटरकडे पाठवायचे की नळाचे पाणी तापवायला वळवायचे, हे तो ठरवतो. त्याची एक सोपी परीक्षा आहे. हीटिंग बंद ठेवून फक्त गरम पाण्याचा नळ काही मिनिटे सोडून ठेवावा. अशा वेळी रेडिएटरकडे जाणारा पाइप तापू लागला, तर सांधा पूर्ण बंद होत नाही, असे समजावे. हा पाइप बॉयलरच्या खालून निघतो आणि चांगलाच तापू शकतो, म्हणून हात जपून लावावा. दुरुस्तीसाठी मात्र बॉयलर उघडावा लागतो. ते काम आपले नाही.

टाकीच्या घरात हेच काम पाइपांवर बसवलेले मोटारीचे व्हॉल्व्ह करतात. तिथे गरम पाणी बंद झाले तर एक दिलासा असतो. बहुतेक टाक्यांत विजेवर चालणारी हीटिंग कॉइल बसवलेली असते. मेकॅनिक येईपर्यंत तिचा स्विच लावून अंघोळीपुरते पाणी तापवता येते.

प्रेशर गेज काय सांगतो?

नळही थंड आणि रेडिएटरही थंड असतील तर पुढची नजर जाते दाबाच्या काट्याकडे. बॉयलरच्या पुढच्या भागावर किंवा खाली हा काटा असतो, नव्या बॉयलरमध्ये तो पडद्यावर आकड्यात दिसतो. यंत्रणा थंड असताना दाब साधारण १ ते १.५ बार असावा. तापल्यावर तो थोडा वाढतो, २ च्या आसपास गेला तरी चिंता नाही.

दाब का हवा? १ बार दाब म्हणजे साधारण दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. काटा ०.३ वर आला तर पाणी जेमतेम तीन मीटरपर्यंत चढेल. मग वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरमध्ये हवा शिरते. पुरेशा पाण्याशिवाय पेटू नये म्हणून बॉयलर त्याआधीच स्वतःला बंद करून घेतो.

दाब कमी असेल तर तो भरता येतो आणि हे काम घरातल्या माणसाने करायला हरकत नाही. बॉयलरखाली तारेची वीण असलेली एक चंदेरी नळी असते, तिला ‘फिलिंग लूप’ म्हणतात. काही बॉयलरमध्ये त्याऐवजी खटका किंवा किल्ली असते. बॉयलर बंद आणि थंड असताना तिचे व्हॉल्व्ह हळूहळू उघडावेत, काटा १.२ ते १.५ च्या दरम्यान आला की घट्ट बंद करावेत. एखादा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहिला तर दाब तासातासाने वाढत जातो.

दाब किती दिवसांत उतरतो, हे मात्र टिपून ठेवावे. वर्षातून एक-दोनदा पाणी भरावे लागले तर ते चालण्यासारखे आहे. दर आठवड्याला भरावे लागत असेल तर पाणी कुठेतरी गळते आहे. रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून ओल तपासता येते. गालिच्यावर तपकिरी किंवा काळा डाग, छताला पिवळसर वर्तुळ याही खुणा. सतत नवे पाणी भरत राहणे हा उपाय नव्हे. नव्या पाण्याबरोबर प्राणवायू येतो आणि लोखंडी रेडिएटर आतून गंजू लागतात.

आणखी एक नमुना ओळखण्यासारखा आहे. थंड असताना काटा १ वर, हीटिंग लावताच झपाट्याने ३ कडे आणि रात्री बंद केल्यावर थेट शून्याजवळ. हा बिघाड ‘एक्सपान्शन व्हेसल’चा. पाणी तापले की फुगते. यंत्रणेतले १०० लिटर पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर गेले की साधारण दोन लिटरने वाढते. या जास्तीच्या पाण्याला जागा मिळावी म्हणून एक डबा बसवलेला असतो. त्यात रबरी पडदा आणि पडद्यापलीकडे दाबलेली हवा असते. सायकलच्या ट्यूबमधून निघून जावी तशी ही हवा वर्षानुवर्षे हळूहळू निघून जाते. मग फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही, दाब ३ बारला पोहोचतो आणि सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेर टाकतो. बाहेरच्या भिंतीतून निघालेल्या तांब्याच्या छोट्या पाइपमधून थेंब पडत असतील तर शंका पक्की झाली. मेकॅनिक त्या डब्यात पुन्हा हवा भरतो किंवा डबा बदलतो. “दाब उतरतो” असे मोघम सांगण्यापेक्षा “तापल्यावर ३ ला जातो आणि थंड झाल्यावर शून्यावर येतो” असे सांगितले, तर त्याचा पाऊण तास वाचतो.

नेमका कडाक्याच्या थंडीतच बॉयलर का बंद पडतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवे गॅस बॉयलर, मोजके अपवाद वगळता, ‘कंडेन्सिंग’ प्रकारचे बसवणे बंधनकारक झाले. हे बॉयलर धुरातल्या वाफेतलीही उष्णता काढून घेतात, त्यामुळे गॅस कमी लागतो. वाफेचे पाणी होते आणि ते एका प्लास्टिकच्या पाइपमधून बाहेर सोडले जाते. बॉयलर जोरात चालू असला की तासाला लिटर-दोन लिटर पाणी असे थेंबथेंब निघते. पाइपचा काही भाग घराबाहेरून जात असेल तर उणे तापमानात तो गोठतो, पाणी तुंबते आणि बॉयलर लॉकआउटमध्ये जातो. थंडीच्या लाटेत एकाच गल्लीतले अनेक बॉयलर एकाच सकाळी बंद पडतात, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते.

ओळख सोपी आहे. रात्री पारा शून्याखाली गेलेला, बॉयलरमधून गुडगुड आवाज आणि रीसेट केल्यावर सुरू होण्याचा प्रयत्न करून पुन्हा बंद. उपायही हाताशी आहे. बाहेरच्या भिंतीवरचा तो प्लास्टिकचा पाइप जमिनीवरून हाताला येत असेल, तर त्यावर कोमट पाणी ओतावे किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी धरावी. वळणाजवळ आणि गटाराला जोडला जातो त्या टोकाला बर्फ साचण्याची शक्यता जास्त. उकळते पाणी ओतू नये, पाइप तडकतो. शिडी लावून वर चढू नये. खाली सांडलेल्या पाण्याचा पुन्हा बर्फ होतो, त्यावर पाय घसरणार नाही याची काळजी घ्यावी. मग बॉयलर एकदा रीसेट करावा.

रीसेटचे बटण हे औषध नव्हे, हेही लक्षात ठेवावे. एकदा, फार तर दोनदा दाबावे. तरीही बॉयलर बंद पडत असेल तर तो सुरक्षेसाठीच थांबतो आहे. दाबत राहण्यापेक्षा पडद्यावरचा एरर कोड मोबाइलने टिपावा. तो कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि त्याचा अर्थ बॉयलरच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. कमी दाब, ज्योत न पेटणे, सेन्सरचा बिघाड यांतले काय झाले, याचा अंदाज त्यावरून येतो.

रेडिएटर हाताला काय सांगतो?

बॉयलर चालू आहे, नळाला गरम पाणी आहे, पण काही खोल्या थंड आहेत. आता बॉयलर सोडून खोल्याखोल्यांत फिरायचे. हीटिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्रत्येक रेडिएटरला वर, मध्ये आणि खाली जपून हात लावून पाहावा.

वरचा भाग थंड, खालचा गरम : आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून रेडिएटर थोडा निवू द्यावा. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी पिनेला छोटी किल्ली लावून ती पाव-अर्धा आटा सैल करावी. खाली फडके धरावे. सूं करत हवा निघते, पाणी येऊ लागले की पिन बंद करावी. त्यानंतर दाब उतरतो, म्हणून काटा पुन्हा पाहावा. हवा वारंवार काढावी लागत असेल तर ती साधी हवा नसून आतल्या गंजण्यातून तयार झालेला हायड्रोजन असू शकतो. अशा वेळी पाण्यात गंजरोधक रसायन घालण्याची गरज असते.

खालचा मधला भाग थंड, वरचा गरम : तळाशी गाळ साचला आहे. लोखंडाच्या गंजाचा हा काळा चिखल असतो आणि तो चुंबकाला चिकटतो. म्हणूनच नव्या घरांत बॉयलरजवळ चुंबकाचा फिल्टर बसवतात. गाळ थोडा असेल तर एक रेडिएटर काढून धुता येतो. सगळ्याच रेडिएटरची ही गत असेल तर पूर्ण यंत्रणा यंत्राने धुवावी लागते, तिला ‘पॉवर फ्लश’ म्हणतात.

एकच रेडिएटर पूर्ण थंड : त्याच्या बाजूला आकडे लिहिलेली गोल मूठ असते, तो तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह. उन्हाळाभर बंद राहिल्याने मुठीखालची बारीक पिन खाली अडकून बसते. मूठ काढून पिन बोटाने किंवा एखाद्या सपाट वस्तूने हळुवार दाबावी, ती परत वर यायला हवी. पक्कडीने ओढू नये. पिन उपटून आली तर गरम पाण्याची चिळकांडी उडते.

बॉयलरजवळचे रेडिएटर कडक गरम, लांबचे कोमट : पाणी जवळचा रस्ता धरते आहे. जवळच्या रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाचा, टोपी घातलेला व्हॉल्व्ह थोडा आवळून पाणी पुढे ढकलावे लागते. याला ‘बॅलन्सिंग’ म्हणतात. धीराचे काम आहे, पण धोक्याचे नाही.

आवाजावरून काही कळते का?

कळते. पाइपांत खळखळ म्हणजे हवा. बॉयलरमध्ये किटलीत पाणी उकळल्यासारखा आवाज म्हणजे पाणी तापवणाऱ्या भागात क्षाराचा थर किंवा गाळ. लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये पाणी जड असल्याने नळाच्या बाजूला क्षार लवकर धरतो, आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल पांढरी पडते तसाच. हीटिंग सुरू-बंद होताना भिंतीत ‘टक टक’ होत असेल तर ते बहुधा पाइप प्रसरण पावताना लाकडी तुळईला घासल्याचे, त्यात घाबरण्यासारखे नाही. पण पेटताना मोठा ‘धप्प’ आवाज होत असेल तर बॉयलर बंद करावा आणि तपासणी होईपर्यंत लावू नये.

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण नसतात. थंडीत भिंतीबाहेरच्या नळकांड्यातून निघणारा पांढरा लोट हा धूर नसून वाफ असते. खोली हवी तेवढी तापली की रेडिएटर आपोआप कोमट होतो. थर्मोस्टॅट उन्हात किंवा गरम रेडिएटरजवळ ठेवलेला असेल तर त्याला घर तापल्यासारखे वाटते आणि तो हीटिंग बंद करतो. आणि घरात बॉयलरऐवजी हीट पंप असेल तर रेडिएटर मुळातच कोमट राहतात, ते तासन् तास चालू ठेवायचे असतात.

बॉयलरचे कव्हर का उघडायचे नाही?

आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्या बॉयलरच्या बाहेरून होतात. लक्ष्मणरेषा आहे ती त्याच्या कव्हरवर. आत गॅस जळतो आणि त्याचा धूर बाहेर नेणारी वाट हवाबंद ठेवलेली असते. कव्हर नीट बसले नाही तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, धाप ही लक्षणे असतात. फ्लू समजून लोक झोपून राहतात आणि तेच जिवावर बेतते. घराबाहेर पडल्यावर बरे वाटणे आणि परतल्यावर पुन्हा त्रास होणे, ही महत्त्वाची खूण.

महाराष्ट्राला हा धोका अनोळखी नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या मुंबई-पुण्यातून हिवाळ्यात येत राहिल्या आहेत. यंत्र वेगळे, वायू तोच.

ब्रिटनमध्ये गॅसच्या उपकरणावर काम करणारा व्यावसायिक ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंदलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्याकडे ओळखपत्र असते. त्याला कोणकोणती कामे करण्याची परवानगी आहे, हे त्या कार्डाच्या मागे लिहिलेले असते. ते मागून पाहण्यात संकोच नको. ओळखीतला ‘स्वस्तात करून देणारा’ इथे महागात पडू शकतो.

भाड्याच्या घरात जबाबदारी कुणाची?

इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याच्या कलम ११ नुसार, नेहमीच्या भाडेकरारांत घर तापवण्याची आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणे घरमालकाचे काम आहे. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार मालकाने आपल्या गॅस उपकरणांची दर वर्षी तपासणी करून घ्यायची आणि तिची नोंद भाडेकरूला द्यायची असते. नवा भाडेकरू राहायला येण्याआधीच ही प्रत त्याला मिळायला हवी. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणेही बंधनकारक आहे. अलार्म नसेल तर मालकाकडे लेखी मागावा. तो मिळेपर्यंत स्वतः आणून लावला तरी पैसे वाया जाणार नाहीत.

तक्रार फोनवर केली तरी त्यानंतर ईमेल जरूर पाठवावा. तारीख, वेळ, एरर कोड, काट्याचा फोटो आणि कोणकोणत्या तपासण्या केल्या, एवढे त्यात असावे. “हीटिंग चालत नाही” या वाक्यावर मेकॅनिक रिकाम्या हाताने येतो, पाहून जातो आणि सुटा भाग घेऊन पुन्हा येतो. “नळाला गरम पाणी आहे, रेडिएटर थंड, दाब १.३, थर्मोस्टॅटचे सेल नवे” असे लिहिले, तर कोणता भाग सोबत न्यायचा याचा त्याला आधीच अंदाज येतो. थंडीच्या दिवसांत घर एक-दोन रात्री लवकर तापू शकते, ते यामुळे.

बिघाड आधीच टाळता येतो का?

बऱ्याच अंशी. वर्षातून एकदा बॉयलरची सर्व्हिसिंग, बाहेरच्या कंडेन्सेट पाइपला फोमचे वेष्टन, पाण्यात गंजरोधक रसायन आणि उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा पाच-दहा मिनिटे हीटिंग सुरू करणे, म्हणजे पंप आणि व्हॉल्व्ह जागच्या जागी अडकत नाहीत. सप्टेंबरमध्ये विद्यापीठे सुरू होतात आणि अनेक मराठी मुले नव्या घरात राहायला जातात. त्याच आठवड्यात, अंगात स्वेटर नसताना, हीटिंग तासभर लावून प्रत्येक रेडिएटरला हात लावून पाहावा. तेव्हा सापडलेला दोष दुरुस्त करायला मेकॅनिकही मोकळा असतो आणि मालकाला पाठवलेल्या ईमेलला उत्तर येईपर्यंत थांबणेही परवडते.